काही फुटलं नाही ना?

"ये आदत नहीं है मिलिंदजी, बीमारी है," मानसोपचार डॉक्टर म्हणाले. त्यांनी कागदावर तीन इंग्रजी अक्षरं लिहिली आणि कागद माझ्याकडे फिरवला. ओसीडी. लांबलचक नाव ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर. म्हणजे नको असलेला एक विचार डोक्यात पुन्हा पुन्हा येतो, त्यानं जीव घाबरा होतो, आणि तो शांत करायला माणूस एकच कृती पुन्हा पुन्हा करत राहतो.

मी उजव्या हाताच्या बोटाला पट्टी बांधून बसलो होतो. तीन टाके पडले होते आणि बोट पिकलं होतं. घरचा ओला कचरा हातानं चाळताना रसगुल्ल्याच्या डब्याचं पत्र्याचं झाकण लागलं होतं. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, कचऱ्यात हात कशाला घातला? मी खरं ते सांगितलं, की रोजच घालतो. त्यांनी माझी शुगर तपासली, ती नॉर्मल आली, आणि मग त्यांनी मला या दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं.

माझी बायको सुजाता शेजारी बसली होती. तिनं एकच विचारलं, "डॉक्टरसाब, ठीक हो जाएँगे ना?"

ती इंदूरजवळच्या महू गावी एका शाळेत शिकवते, रोज बसनं ये-जा करते. महिनाभरापूर्वी तिनं मला सांगितलं होतं, की शाळेजवळ एक खोली बघून ठेवली आहे. "तुम्ही इलाज घ्या, नाही तर मी तिकडे राहायला जाते. भांडण नाही करत आहे मी. बस, थकले आता." बावीस वर्षांच्या संसारात ती इतक्या शांतपणे कधी बोलली नव्हती, म्हणून मी घाबरलो होतो. डॉक्टरांच्या उत्तराकडे आम्हा दोघांचेही कान लागले होते. ते म्हणाले, "होंगे. मेहनत करनी पड़ेगी."

मी डॉक्टर नाही. विमा कंपनीच्या ऑफिसात आलेले दावे तपासतो. ज्यांच्या घरात असा कोणी आहे, किंवा जे स्वतः असे आहेत, त्यांना पुढचा रस्ता थोडा आधी कळावा म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या इंदूरात कचरा हा गंभीर विषय आहे. सकाळी गाडी गाणं वाजवत गल्लीत येते, तिला वेगवेगळे कप्पे असतात आणि ओलं, सुकं, प्लास्टिक, बॅटऱ्या, सगळं निवडून द्यावं लागतं. शहराला त्याचा अभिमान आहे आणि मलाही आहे. पण त्यामुळेच माझा आजार चार वर्षं घराबाहेर कोणाला दिसला नाही.

सुरुवात साधी होती. एका सकाळी गाडीवर कचरा घेणाऱ्या रेखाजींच्या तळहाताला पट्टी दिसली. मी विचारलं तर म्हणाल्या, "कांच थी भिया, कहीं से आ गई." आदल्या दिवशी आमच्या घरी लोणच्याची बरणी फुटली होती. काच मी कागदात बांधून दिली होती, असं मला वाटत होतं. पण नीट बांधली होती का? एखादा तुकडा ओल्या कचऱ्यात गेला असेल का? हे मला आठवेना. आजतागायत आठवत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी कचरा देण्याआधी बघायला लागलो. मग हातानं चाळायला लागलो. मग चाळून झाल्यावर परत चाळायला लागलो. सियागंजच्या बाजारातून जाड हातमोज्यांचा गठ्ठा आणि चिकटपट्टीची रिळं आणली. दुकानदारानं विचारलं, "क्या भिया, फैक्ट्री डाल दी क्या?" आम्ही दोघंही हसलो.

छत्रीबागेतल्या आमच्या गल्लीत माझं फार कौतुक झालं. शेजारच्या बायका आपापल्या नवऱ्यांना सांगायच्या, मिलिंदजींकडे बघा, घरचा कचरा स्वतः निवडतात. मीही हरभऱ्याच्या झाडावर चढलो. आतली गोष्ट अशी होती, की मी साडेपाचला उठून बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून त्यावर सालं, चहाचा चोथा आणि उरलेला भात बोटांनी पसरत बसायचो. ऑफिसला पोचायला रोज उशीर व्हायचा.

घरातली काच एकेक करून गेली. आधी ग्लास, मग बरण्या, मग भिंतीवरचे फोटो. चहा स्टीलच्या पेल्यात. सुजातानं काचेच्या बांगड्या काढून ठेवल्या, कारण एकदा एक बांगडी वाढली तेव्हा मी तीन दिवस केर काढू दिला नव्हता. माझ्या सासूबाईंनी तिला विचारलं, हात असे रिकामे का? ती म्हणाली, शाळेत खडूनं मळतात.

आणि प्रश्न. "काही फुटलं नाही ना?" सकाळी, संध्याकाळी, जेवताना, ऑफिसातून फोनवर. ती म्हणायची, "नाही हो, काहीच नाही फुटलं." मला बरं वाटायचं. ते बरं वाटणं सुरुवातीला दिवसभर टिकायचं, नंतर तासभर, शेवटी दहा मिनिटंसुद्धा नाही. मग मी परत विचारायचो. रेखाजींनाही मी रोज दोन्ही तळहात दाखवायला लावायचो. त्या दाखवायच्या. मला वाटायचं, त्यांची इतकी काळजी घेणारा गल्लीत दुसरा कोणी नाही.

डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली आणि सांगितलं, की तिचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतील, मनानं बंद करायची नाही. त्याच्या जोडीला सीबीटी. कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी. कॉग्निटिव्ह म्हणजे विचारांचं, बिहेवियरल म्हणजे वागण्याचं. विचार, भावना आणि वागणं हे तिघं एकमेकांचा हात धरून चालतात. भावनेला सरळ हुकूम करता येत नाही, पण विचार तपासता येतो आणि वागणं बदलता येतं, आणि मग भावनाही हळूहळू बदलते. एवढंच तत्त्व आहे. कागदावर ते मला फार किरकोळ वाटलं होतं.

हे उपचार करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मूळच्या नागपूरच्या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे औषधं न देता, ठरलेल्या पद्धतीनं उपचार करणारे प्रशिक्षित तज्ज्ञ. मी त्यांना मॅडम म्हणायचो. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून, म्हणजे होळकरांच्या समाध्यांपासून जवळ, पहिल्या मजल्यावर त्यांची खोली. बाहेर पाच खुर्च्या आणि एक पाण्याची टाकी. आठवड्यातून एकदा, पाऊण तास. पहिल्या दिवशी मी त्यातल्या एका खुर्चीवर तोंड लपवून बसलो होतो, ओळखीचा कोणी दिसू नये म्हणून. समोर एक कॉलेजातली मुलगी बसली होती, तीही तेच करत होती.

मला वाटलं होतं, मॅडम बालपण विचारतील किंवा चांगले विचार करा म्हणून सांगतील. त्यांनी यातलं काही केलं नाही. एक वही दिली. विचार कधी आला, भीती शंभरापैकी किती, मग तुम्ही काय केलं, आणि भीती किती वेळानं परत आली, एवढं लिहून आणा म्हणाल्या. आठवडाभरानं वही बघून त्यांनी माझ्याच अक्षरावर बोट ठेवलं. जितक्या वेळा मी तपासलं होतं, तितक्या लवकर भीती परत आली होती.

"तपासून तुम्ही भीतीला जेवायला घालता," त्या म्हणाल्या. "ती उद्या परत येणारच."

दुसऱ्या भेटीत त्यांनी विचारलं, "ऑफिसात दावा आला तर लगेच मंजूर करता?" मी म्हटलं, छे, कागद मागतो, पुरावा मागतो. "मग 'माझ्या कचऱ्यामुळे कोणाचा तरी हात कापणार' हा दावा तुमच्या डोक्यानं केला, तेव्हा कागद का नाही मागितले?" चार वर्षं तो दावा मी रोज बिनकागदाचा मंजूर करत होतो.

एकदा त्यांनी कागदावर भाकरी काढली. म्हणाल्या, समजा उद्या खरंच रेखाजींना काच लागली. त्या दुखापतीची जबाबदारी वाटून द्या. मी म्हटलं, सगळी माझी. त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. मग मी इतर घरं लिहिली, हातमोजे लिहिले, रस्त्यावर बाटल्या फेकणारे लिहिले, घाई लिहिली, योगायोग लिहिला. प्रत्येकाला तुकडा देत गेलो तेव्हा माझ्या वाट्याला कोर उरली. कोर उरली म्हणजे जबाबदारी संपली असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. काच कागदात गुंडाळून, वर लिहून, वेगळी देणं ही काळजी. दिल्यानंतर दुसऱ्यांदा बघणं हा आजार.

मी विचारलं, लोकांना गॅसची भीती असते, कुलपाची असते, मलाच ही का? त्यांनी तोच प्रश्न उलट मला विचारला. तेव्हा मी सांगितलं, की आमचे आजोबा पलटणीत सुभेदार झाले, पण त्यांची आई महूच्या छावणीत झाडलोट करायची. तिच्या हातांबद्दल आजोबा फार बोलायचे. मॅडम म्हणाल्या, "हा आजार बहुतेकदा माणसाला जे सगळ्यात प्रिय असतं, तेच धरतो. तुमची तळमळ चांगली आहे. आजारानं ती पळवली आहे." त्या दिवशी मी जिना उतरताना रडलो. चार वर्षांत स्वतःला नालायक सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं.

यानंतर खरं काम. त्याला एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन म्हणतात. सीबीटीचाच भाग. ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर ठरवून, थोडं थोडं जायचं, आणि नेहमीची कृती करायची नाही. भीती चढते, शिगेला पोचते आणि आपण काही न करताही बहुतेक वेळा उतरते. न उतरली तरी आपण ती सोसू शकतो, हे शरीराला कळतं. आम्ही शिडी बनवली. खालची पायरी, घरात एक काचेचा कप आणून ठेवणे. मधल्या पायऱ्या, कचरा न चाळता देणे, सुजाताला न विचारणे, रेखाजींचे हात न बघणे. सगळ्यात वरची, फुटलेली काच एकदाच बांधून देणे.

कप आणला. सहा दिवस मी त्याच्याकडे बघत स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायलो.

सहाव्या भेटीला मॅडमनी सुजाताला बोलावलं. घरच्या माणसांची मदत लागते, पण कुठली मदत हे शिकावं लागतं. प्रेमापोटी घरचे दिलासा देत राहतात आणि त्या दिलाशावर आजार पोसतो. मॅडमनी तिला विचारलं, "हे विचारतात तेव्हा तुम्ही काय सांगता?"

सुजाता पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होती. "मॅडम, एक सांगू का? मी खोटं बोलते."

मला आधी समजलं नाही.

"फुटतं ना मॅडम. घर आहे, फुटणारच. तीन वर्षांत काय काय फुटलं. बल्ब फुटला दोनदा. शेजारच्यांनी काचेच्या वाटीत खीर पाठवली होती, ती वाटी फुटली. देव्हाऱ्यासारखा कोनाडा आहे आमच्याकडे, बाबासाहेब आणि बुद्धांच्या फोटोंचा, त्याची काच तडकली ती मी काढली. सगळं पेपरात लपेटून टिफिनच्या थैलीत घालून महूला नेते. शाळेच्या तिथे टाकते. यांना नाही सांगत. सांगितलं तर घर बंद पडेल आमचं."

तीन वर्षं मी जो कचरा बोटं फाटेपर्यंत चाळत होतो, त्यात काच नव्हतीच. जी काच फुटायची, ती सकाळी माझ्यासमोरून, डब्याच्या थैलीतून, बसनं महूला जात होती. आणि माझ्या डोक्यात पहिला विचार काय यावा? महूला कोणाला लागली असेल.

मी तोंड उघडलं. कशात गुंडाळलीस, किती पदर, चिकटपट्टी लावलीस का, तिथे कचरा कोण उचलतं, एवढे प्रश्न जिभेवर आले.

मॅडमनी हात वर केला. "विचारायचं नाही. आत्ता भीती किती?"

"शंभर."

"बसू या आपण."

आम्ही तिघं बसलो. पंख्याचा आवाज येत होता. सुजाता ओठ घट्ट मिटून समोरच्या भिंतीकडे बघत होती, कारण तिला उत्तर द्यायची चार वर्षांची सवय होती आणि तीही तिला सुटत नव्हती. दर पाच मिनिटांनी मॅडम आकडा विचारायच्या. शंभर. शंभर. नव्वद. पंचाण्णव. ऐंशी. पस्तीस मिनिटांनी मी पंचेचाळीस म्हटलं आणि माझाच विश्वास बसला नाही. कोणी काही सांगितलं नव्हतं, मी काही तपासलं नव्हतं, आणि भीती उतरली होती.

खाली आल्यावर सुजाता म्हणाली, "मला वाटलं तुम्ही ओरडाल." मी म्हटलं, मी तुला खोटं बोलायला लावलं. शाळेत मुलांना खरं बोला म्हणून शिकवणारी बाई तीन वर्षं थैलीत काच लपवून बसमध्ये बसत होती. मला माझ्या आजाराची खरी लाज तेव्हा वाटली.

पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. दिवाळीच्या साफसफाईत मी घसरलो. कचरा दिला, वर आलो, चप्पल घातली आणि स्कूटरवरून गाडीच्या मागे दोन गल्ल्या गेलो. आमची पिशवी शोधून काढायला लागलो तर लोक जमले. एकानं विचारलं, "क्या गुम गया भिया, सोना-वोना?" मी हो म्हणून टाकलं. मग चार माणसं माझ्याबरोबर सोनं शोधायला लागली. मॅडमना सांगितलं तेव्हा पहिल्यांदा त्या खळखळून हसल्या. नंतर म्हणाल्या, एक पायरी खाली उतरा, परत चढा. घसरण धरूनच हा उपचार असतो.

रेखाजींचे हात न बघण्याच्या पायरीला मला तीन आठवडे लागले. पहिल्या दिवशी मी बादली दिली आणि नजर गाडीच्या चाकावर ठेवली.

"भिया, आज हाथ नहीं देखना?" त्यांनी विचारलं.

"नहीं जी. अब नहीं देखूँगा."

"अच्छा है," त्या म्हणाल्या. "पूरी गली के सामने हाथ दिखाती थी ना, मेरे को शरम आती थी."

बादली घेऊन मी जिना चढलो. ज्या हातांच्या काळजीनं मी चार वर्षं आजारी होतो, त्या हातांना मी रोज लाजवत होतो. दुसऱ्या दिवशी त्यांची माफी मागितली, एकदाच. मॅडमना फोनवर विचारलं होतं, परवानगी एकदाचीच होती.

हा उपचार कोणाला चालतो, असं मला आता लोक विचारतात. मॅडमनी सांगितलेलं सांगतो. सतत चिंता, पॅनिक म्हणजे अचानक येणारे घबराटीचे झटके, चार लोकांत जायची भीती, डिप्रेशन म्हणजे लांबलेली उदासी, झोप न लागणं, आणि ओसीडी, या सगळ्यांत सीबीटीचा उपयोग होऊ शकतो. प्रत्येक आजारात तिची पद्धत वेगळी. सगळ्यांना सारखाच गुण येतो असं नाही, काहींना औषध लागतं, काहींना वेगळा उपचार. जीव नकोसा होत असेल तर वही आणि शिडीची वाट बघायची नाही, त्याच दिवशी घरच्यांना सांगून डॉक्टर गाठायचा. आणि ही थेरपी नुसती ऐकायची नसते. आठवड्यात पाऊण तास मॅडमचा, बाकीचा गृहपाठ आपला. मोबाइलवर बघून स्वतःच स्वतःवर एक्सपोजर करू नका, जाणकार माणूस बरोबर हवा.

विचार अजून येतात. मी बरा झालो म्हणजे विचार थांबले असं नाही. विचार येतो, मी त्याला म्हणतो कागद आण, तो आणत नाही, आणि मी कामाला लागतो. त्या पहिल्या दिवशी रेखाजींना लागलेली काच माझी होती की नाही, हे मला कधीच कळणार नाही. असूही शकते. हे वाक्य लिहायला मला चौदा भेटी लागल्या.

सुजातानं महूच्या खोलीबद्दल पुन्हा काही म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. विचारून दिलासा घ्यायचा नाही, हे मी शिकलो होतो. पण खोली अजून तिच्या मनात आहे की नाही, हे मला रोज जाणून घ्यावंसं वाटायचं.

मागच्या रविवारी मी बाहेर पेपर वाचत होतो. स्वयंपाकघरात खळकन आवाज आला. मग काही क्षण एकदम शांतता. पूर्वी याच शांततेत ती खाली वाकून तुकडे लपवायची, हे आता मला माहीत आहे. मी पेपर खाली ठेवला नाही. बसून राहिलो.

"अहो," आतून हाक आली, चांगली मोठ्यानं, "कप फुटला!"

मी आत गेलो. तिच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, नव्या. तुकडे झाडूनं गोळा केले, पेपरात गुंडाळले, वर ठळक अक्षरांत 'कांच' लिहिलं. गाडी आली तेव्हा पुडकं रेखाजींच्या हातात वेगळं दिलं, सांगितलं आणि वर आलो. भीती साठ होती. सुजातानं कपाटातून तिनं नवा आणलेला दुसरा काचेचा कप काढला आणि त्यात माझा चहा ओतला.